वाचकांचे प्रश्न : दुसरं रूप कुठे, तिसरं रूप कुठे?

इंग्रजीतल्या अनियमित क्रियापदांवर आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक इथे घेतले आहेत. इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. तीन रूपं एकापुढे एक दिली आहेत तिथे पहिलं मूळ रूप, दुसरं साध्या भूतकाळाचं आणि तिसरं पास्ट पार्टिसिपल असं समजावं.

प्रश्न : मुलीला क्रियापदांची तीनही रूपं तोंडपाठ आहेत. कुठूनही विचारा, बरोबर सांगते. पण निबंधात हमखास 'आय डिड नॉट वेंट' लिहिते. यादी आणखी घोटून घ्यावी का?

नको. तिची यादी पक्की आहे. चुकतंय ते रूप नव्हे, रूपाची जागा. आणि ही चूक थेट मराठीतून आलेली आहे. 'मी गेले नाही' या वाक्यात 'गेले' हे भूतकाळाचं रूप तसंच राहतं, पुढे फक्त 'नाही' लागतं. 'तू गेलीस का?' या प्रश्नातही 'गेलीस' जागचं हलत नाही. इंग्रजीत मात्र नकार किंवा प्रश्न आला की 'डिड' लागतो आणि भूतकाळ दाखवायचं काम तो एकटा करतो. मग मुख्य क्रियापद मूळ रूपात राहतं: 'आय डिड नॉट गो', 'डिड यू गो?' भूतकाळ दोनदा दाखवला की वाक्य चुकलं. (वॉज आणि वर यांना डिड लागतच नाही: 'आय वॉज नॉट देअर'.)

हीच गफलत आणखी तीन ठिकाणी होते आणि ती कमी पकडली जाते. 'मला जायचं होतं' याचं 'आय वॉन्टेड टू वेंट' होतं. 'टू'नंतर नेहमी पहिलं रूप, म्हणून 'वॉन्टेड टू गो'. 'मला झोपता आलं नाही' याचं 'आय कुड नॉट स्लेप्ट' होतं. कॅन, कुड, विल, वुड, शुड, मस्ट यांच्या लगेच नंतर पहिलंच रूप, म्हणून 'कुड नॉट स्लीप'. आणि 'त्यांनी मला जाऊ दिलं' याचं 'दे लेट मी वेंट' होतं. लेट आणि मेक यांच्यानंतरही पहिलं रूप.

उरलं ते असं. हॅव, हॅज, हॅड यांच्यानंतर तिसरं रूप. कर्मणी प्रयोगात इज, आर, वॉज, वर, बीन यांच्यानंतर तिसरं रूप. मागे कुठलाही मदतनीस नसेल, क्रियापद एकटं उभं असेल, तरच दुसरं रूप. 'शुड हॅव गॉन' मध्ये शुडनंतर पहिलं रूप 'हॅव' आलं आणि हॅवनंतर तिसरं 'गॉन' आलं, म्हणजे दोन्ही नियम एकाच वाक्यात पाळले गेले. मुलीला तीन रूपं म्हणायला लावू नका. त्याऐवजी एकच क्रियापद देऊन चार वाक्यं लिहायला सांगा: एक होकारार्थी, एक नकारार्थी, एक प्रश्न, एक 'हॅव'चं. दहा क्रियापदांत फरक दिसू लागेल.

प्रश्न : एकूण किती क्रियापदं पाठ करावी लागतात? पुस्तकातली यादी संपता संपत नाही.

मोठ्या याद्या दोनशेच्या आसपास जातात, पण त्यात भरताड बरीच असते. अंडरस्टँड आणि विदस्टँड म्हणजे स्टँडच: स्टुड, स्टुड. मिस्टेक आणि अंडरटेक म्हणजे टेक. ओव्हरकम म्हणजे कम. जोडशब्द काढून टाका, स्माइट, क्लीव्ह, अबाइड यांसारखी आज क्वचित भेटणारी क्रियापदं बाजूला ठेवा, आणि शंभरेक उरतात. एवढी आली की रोजचं वाचन-लेखन भागतं.

खरी अडचण संख्येपेक्षा क्रमाची आहे. छापील यादी अकारविल्हे असते आणि पाठांतरासाठी त्याहून वाईट क्रम सापडणार नाही. बीच्या पानावरची लागोपाठची पाच घ्या: बेअर–बोअर–बोर्न, बीट–बीट–बीटन, बिकम–बिकेम–बिकम, बिगिन–बिगॅन–बिगन, बेंड–बेंट–बेंट. पाच क्रियापदं, पाच तऱ्हा. एकीचा दुसरीला काडीचा आधार नाही. तीच क्रियापदं आवाजाप्रमाणे गटांत लावली की निम्मं ओझं उतरतं.

पहिला गट न बदलणाऱ्यांचा: कट, पुट, हिट, लेट, सेट, शट, कॉस्ट, हर्ट, बर्स्ट, कास्ट, स्प्रेड, स्प्लिट, शेड, क्विट. सगळ्यांच्या शेवटी ट किंवा ड आहे हे लक्षात घ्या. उलट मात्र खरं नाही. वेट, वॉन्ट, नीड यांच्याही शेवटी ट-ड आहे, पण ती साधी ईडी लावून घेतात. या गटात काळ ओळखायची एक खूण आहे. 'ही पुट्स' म्हणजे वर्तमान, 'ही पुट' म्हणजे भूत. एस नाही हीच भूतकाळाची निशाणी.

दुसरा गट शेवटच्या डचा ट करणाऱ्यांचा: सेंड–सेंट, स्पेंड–स्पेंट, लेंड–लेंट, बेंड–बेंट, बिल्ड–बिल्ट. मेंड, एंड आणि डिफेंड यात नाहीत.

तिसरा गट मोठा आणि सर्वांत उपयोगी. लांब 'ई' आखूड 'ए' होतो. फीड–फेड, ब्लीड–ब्लेड, लीड–लेड, मीट–मेट; आणि शेवटी ट जोडून कीप–केप्ट, स्लीप–स्लेप्ट, स्वीप–स्वेप्ट, फील–फेल्ट, लीव्ह–लेफ्ट, मीन–मेंट, डील–डेल्ट. दुसरं-तिसरं रूप एकच. ईट, सी, स्पीक, स्टील, फ्रीझ आणि बीट या गटात घुसवू नका.

ऑटवाल्यांचं एक गुपित सांगण्यासारखं आहे. ब्रिंग, बाय, थिंक, फाइट, सीक, टीच, कॅच या सातांच्या भूतरूपांचा शेवट कानाला एकसारखाच लागतो, पण स्पेलिंग दोन प्रकारची: ओ-यू-जी-एच-टी की ए-यू-जी-एच-टी? मूळ शब्दाच्या स्पेलिंगमध्ये ए असेल तर ए-यू. टीच आणि कॅच यांतच ए आहे. बाकी पाचही ओ-यू. इतका चोख नियम या विषयात पुन्हा मिळणार नाही.

मग 'न'वाले: राइट–रोट–रिटन, ड्राइव्ह–ड्रोव्ह–ड्रिव्हन, ब्रेक–ब्रोक–ब्रोकन, स्पीक–स्पोक–स्पोकन, टेक–टुक–टेकन, गिव्ह–गेव्ह–गिव्हन. आणि त्यांचे चुलतभाऊ: नो–न्यू–नोन, ग्रो–ग्रू–ग्रोन, थ्रो–थ्रू–थ्रोन, ब्लो–ब्लू–ब्लोन, फ्लाय–फ्लू–फ्लोन, ड्रॉ–ड्रू–ड्रॉन. शो या घरातला दिसतो पण नाही: शोड, शोन. वाहणं या अर्थाचं फ्लो तर पूर्ण नियमित आहे: फ्लोड, फ्लोड.

प्रश्न : सिंगचं सँग होतं, मग स्विंगचं स्वँग का नाही?

कारण 'इ'वाले दोन वेगळे जथे आहेत. एकात तीन स्वर फिरतात: सिंग–सँग–संग, रिंग–रँग–रंग, ड्रिंक–ड्रँक–ड्रंक, सिंक–सँक–संक, श्रिंक–श्रँक–श्रंक, स्विम–स्वॅम–स्वम, बिगिन–बिगॅन–बिगन, स्प्रिंग–स्प्रँग–स्प्रंग. दुसऱ्यात मधला टप्पाच गळतो आणि सरळ शेवटच्या स्वरावर उडी पडते: स्विंग–स्वंग–स्वंग, स्टिंग–स्टंग–स्टंग, क्लिंग–क्लंग–क्लंग, फ्लिंग–फ्लंग–फ्लंग, स्टिक–स्टक–स्टक, डिग–डग–डग, स्पिन–स्पन–स्पन, विन–वन–वन. कोण कुठल्या जथ्यात हे शब्दाकडे पाहून सांगता येत नाही. पहिला जथा लहान आहे, तोच पाठ करा. बाकीचे दुसऱ्यात समजा. ब्रिंग आणि थिंक मात्र दोन्हीकडचे नाहीत, ते ऑटवाले. 'ब्रँग' आणि 'ब्रंग' ऐकू आलं तर ते प्रमाण इंग्रजी नव्हे.

देवनागरीत सँग आणि संग यांत फक्त चंद्राचा फरक दिसतो, म्हणून उच्चार नीट करा: दुसऱ्या रूपात 'बॅट'मधला ॲ, तिसऱ्यात 'कट'मधला अ.

प्रश्न : 'काल मी डॉक्टरकडे गेलो होतो' याचं 'आय हॅड गॉन टू द डॉक्टर यस्टर्डे' बरोबर ना?

रूप बरोबर, काळ चूक. मराठीत 'गेलो होतो' आपण सहज म्हणतो, मागची कुठलीही हकीकत सांगताना. इंग्रजीतलं 'हॅड गॉन' इतकं मोकळं नाही. भूतकाळात दोन गोष्टी घडल्या आणि त्यातली आधीची कोणती हे दाखवायचं असेल तरच ते येतं: 'व्हेन ही केम, आय हॅड गॉन', म्हणजे तो येण्याआधीच मी निघून गेलो होतो. एकटी घटना सांगायची तर 'आय वेंट टू द डॉक्टर यस्टर्डे'.

'आय हॅव मेट हिम यस्टर्डे' हेही याच कुळातलं. काल, गेल्या वर्षी, 2019 साली, दोन तासांपूर्वी असा संपलेला काळ नेमका सांगितला की हॅव चालत नाही, दुसरं रूप वापरायचं: 'आय मेट हिम यस्टर्डे'. काळ न सांगता नुसतं 'मी त्याला भेटलोय' म्हणायचं असेल तर 'आय हॅव मेट हिम' अगदी बरोबर.

जाता जाता: 'शी हॅज गॉन टू द बँक' म्हणजे ती गेली आहे, अजून परतलेली नाही. 'शी हॅज बीन टू द बँक' म्हणजे जाऊन आली. गोच्या तिसऱ्या रूपाची जागा इथे बीन घेतो, आणि ही मोलाची सोय बहुतेक याद्यांत छापलेली नसते.

प्रश्न : तिसरं रूप कधी वापरायचं हे ओळखायला मराठीतून काही खूण मिळते का?

मिळते. मराठीत '-लेला, -लेली, -लेलं' आलं की बहुतेक वेळा इंग्रजीत तिसरं रूप. 'तुटलेली खुर्ची' म्हणजे ब्रोकन चेअर, 'चोरलेली सायकल' म्हणजे स्टोलन बायसिकल, 'हाताने लिहिलेलं पत्र' म्हणजे हँडरिटन लेटर. नुसतं '-ला, -ली, -लं' आलं आणि वाक्य तिथेच संपलं तर दुसरं: 'खुर्ची तुटली', 'द चेअर ब्रोक'. 'लिहिलं गेलं' असं कर्मणी आलं तर वॉज आणि तिसरं रूप: 'वॉज रिटन'. 'लिहिलंय' आलं तर हॅव आणि तिसरं रूप.

प्रश्न : लाय आणि ले. तीन पुस्तकं पाहिली, गोंधळ वाढला.

वाढणारच. इथे क्रियापदं तीन आहेत आणि रूपं एकमेकांच्या घरात राहतात.

आडवं होणे, पडून राहणे: लाय–ले–लेन.
ठेवणे, अंथरणे, अंडी घालणे: ले–लेड–लेड.
खोटं बोलणे: लाय–लाइड–लाइड.

सापळा दुसऱ्या शब्दात आहे. 'ले' हे पहिल्या क्रियापदाचं भूतरूप आहे आणि दुसऱ्याचं मूळ रूपही. 'काल दुपारी मी जरा आडवा झालो' म्हणजे 'आय ले डाउन'. 'कोंबडीनं अंडं घातलं' म्हणजे 'द हेन लेड ॲन एग'. ओळखायची युक्ती सोपी: 'काय?' असा प्रश्न विचारा. उत्तर मिळालं (काय घातलं? अंडं) तर ले–लेड–लेड. उत्तर नाही, तर लाय–ले–लेन. मराठीत पडणे-पाडणे, बसणे-बसवणे अशा जोड्या आहेत ना, तशीच ही जोडी आहे. राइज–रोझ–रिझन म्हणजे उठणे, वर येणे. रेझ–रेझ्ड–रेझ्ड म्हणजे उचलणे, वाढवणे. फॉल–फेल–फॉलन म्हणजे पडणे. आणि झाड पाडणे यासाठी फेल–फेल्ड–फेल्ड असं वेगळं, पूर्ण नियमित क्रियापद आहे.

'लेन' बोलताना फारसं कुणी वापरत नाही. 'हॅज बीन लाइंग' म्हणा, सुटका होते. इंग्रजी मातृभाषा असलेलेही ले आणि लायमध्ये सर्रास घसरतात, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका. परीक्षेत मात्र घ्या.

प्रश्न : 'माय कॉम्प्युटर इज हँग्ड' असं ऑफिसात सगळे लिहितात.

हँगला दोन भूतरूपं आहेत. चित्र, कपडे, पडदे टांगले तर हंग. हँग्ड हे माणसाला फाशी देण्यासाठी राखीव. तेव्हा तुमच्या कॉम्प्युटरला सध्या फाशी दिली जाते आहे. 'माय कॉम्प्युटर हॅज हंग' लिहा, किंवा त्याहून सरळ 'हॅज फ्रोझन'.

अर्थ बदलला की रूप बदलणारी आणखी काही क्रियापदं आहेत. कॉस्ट म्हणजे किंमत पडणे, तेव्हा कॉस्ट–कॉस्ट. पण प्रकल्पाचा खर्च काढणे या अर्थी कॉस्टेड. रिंग म्हणजे फोन करणे, तेव्हा रँग. वेढा घालणे या अर्थी रिंग्ड. बेअरचं तिसरं रूप 'सोसलेलं, वाहून नेलेलं' या अर्थी शेवटी ई लावून लिहितात, 'वॉज बॉर्न' म्हणजे जन्मला, तिथे ई नाही. आणि फाइंडचं फाउंड झालं तरी संस्था स्थापन करणे हे फाउंड वेगळं: त्याचं भूतरूप फाउंडेड.

प्रश्न : स्पेलिंग कुठे चुकतं?

सर्वांत जास्त लीडच्या भूतकाळात. ते एल-ई-डी. पण रीडचं स्पेलिंग तिन्ही रूपांत तेच राहतं आणि फक्त उच्चार 'रेड' होतो, म्हणून लोक लेडलाही ए चिकटवतात. मिसलेडचंही तेच. त्याखालोखाल पे, ले, से: पेड, लेड, सेड यांत एआय येतो, वायला ईडी लावायची नाही. (सेडचा उच्चार आखूड, पेडचा लांब.) प्ले आणि स्टे मात्र नियमित, तिथे वाय राहतो. रिटन, बिटन, हिडन यांत मधलं अक्षर दोनदा, कारण आधीचा स्वर आखूड झाला. राइटिंगमध्ये टी एकच. लूज म्हणजे हरवणे यात ओ एक, भूतरूप लॉस्ट. चूझमध्ये ओ दोन, पण भूतरूप चोझमध्ये पुन्हा एकच.

प्रश्न : गॉट की गॉटन? लर्न्ट की लर्न्ड?

गॉटन अमेरिकेत चालतं, ब्रिटिश इंग्रजीत तिसरं रूप गॉट. 'आय हॅव गॉट अ कार', म्हणजे माझ्याकडे आहे, या अर्थी अमेरिकनही गॉटन म्हणत नाहीत. लर्न, बर्न, ड्रीम, स्पेल, स्पॉइल यांची ट आणि ईडी अशी दोन्ही रूपं ब्रिटिश इंग्रजीत चालतात. अमेरिकेत ईडीकडे कल जास्त. एका लेखात एकच तऱ्हा ठेवा. विद्वान या अर्थाचं विशेषण मात्र 'लर्निड' असं दोन तुकड्यांत म्हणतात.

प्रश्न : मेल्टचं मेल्टेड, मग मोल्टन कुठून आलं?

ते मेल्टचंच जुनं तिसरं रूप. क्रियापद नियमित झालं, जुनं रूप विशेषण म्हणून मागे राहिलं, तेही फक्त प्रचंड तापमानाला वितळणाऱ्या वस्तूंसाठी: मोल्टन लाव्हा, मोल्टन आयर्न. मेण आणि बर्फ मेल्टेड. श्रंकन, संकन, ड्रंकन हेही असेच. 'ही वॉज ड्रंक', पण 'अ ड्रंकन ब्रॉल'.

प्रश्न : मुळात ही क्रियापदं अनियमित झालीच कशी? इंग्रजांनी मुद्दाम केलं म्हणावं तर तसंही वाटत नाही.

ती झाली नाहीत, बहुतेक आधीपासून तशीच होती. जुन्या इंग्रजीत आतला स्वर बदलून भूतकाळ करणं ही क्रियापदांच्या मोठ्या गटाची रीतसर पद्धत होती. पुढे ड-ट लावायची दुसरी पद्धत वरचढ ठरली आणि एकेक क्रियापद तिकडे गेलं. हेल्पचं भूतरूप एकेकाळी होल्प होतं, क्लाइंबचं क्लोम. 2007 साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेऊन त्यांचा माग काढला होता. मध्ययुगीन इंग्रजीत त्यातली 145 अनियमित उरली, आजच्या इंग्रजीत 98. जी क्रियापदं कमी वापरली जातात ती लवकर नियमित होतात. शंभरपट कमी वापर म्हणजे साधारण दहापट वेगानं बदल. बी, हॅव, डू, गो, से, गेट, सी, टेक ही रोज तोंडात असतात, म्हणून त्यांना कुणी हात लावू शकलं नाही.

वेंट तर मुळात गोचं नाहीच. ते वेंड या दुसऱ्याच क्रियापदाचं, सेंड–सेंटसारखं. गोनं ते उचललं आणि वेंडला नवं वेंडेड करून घ्यावं लागलं. उलटा प्रवासही घडतो. डिगचं जुनं रूप डिग्ड होतं, डग नंतर आलं. कॅच फ्रेंचमधून आलेला शब्द, त्याला इथल्या क्रियापदांच्या संगतीत कॉट मिळालं.

मराठीकडे पाहिलं तर यात नवल वाटणार नाही. बसला, उठला, पळाला नीट चालतात; पण जाणेचं गेला, करणेचं केला, येणेचं आला, होणेचं झाला, घेणेचं घेतला, खाणेचं खाल्ला, पिणेचं प्यायला, म्हणणेचं म्हटलं. इथेही तीच रोजच्या वापरातली क्रियापदं. लहान मूल 'मी करलं' म्हणतं, इंग्रजी मूल 'आय गोड' म्हणतं. दोघांनाही नियम कळलेला असतो, अपवाद अजून भेटायचा असतो.

नव्यानं येणारी क्रियापदं मात्र जवळजवळ सगळी ईडी घेतात: गूगल्ड, टेक्स्टिड, ईमेल्ड.

प्रश्न : ती ईडी वाचायची कशी? शिक्षक 'हेल्पेड', 'वॉश्ड' असं म्हणायचे.

'एड' असा उच्चार कुठेच नाही. मूळ क्रियापद ट किंवा ड या आवाजानं संपत असेल तरच वेगळा तुकडा येतो, तोही 'इड': वॉन्टिड, नीडिड. प, क, फ, स, श, च यांच्यानंतर ट: हेल्प्ट, वर्क्ट, लाफ्ट, वॉश्ट, वॉच्ट. बाकी सगळीकडे ड: प्लेड, कॉल्ड, ओपन्ड. लिहिताना ईडी, ऐकताना ट, म्हणूनच श्रुतलेखनात मुलं 'वर्क्ट'च्या शेवटी टी लिहितात. त्यांचा कान बरोबर असतो. त्यांना फक्त सांगायचं की स्लेप्ट, केप्ट, फेल्टमधला ट टीनं लिहितात आणि या नियमित क्रियापदांमधला ईडीनं.